रोहिणीचे पाणी आणि पांझरेचे फड

धम्मपदाच्या अट्ठकथेत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या कलहाची कथा आहे. नदीवर बांध एकच; दोन्ही बाजूंची शेती त्यावरच पिके. ज्येष्ठात पिके सुकू लागली आणि उरलेले पाणी आम्हांलाच द्या, असे दोघेही म्हणू लागले. शब्दाने शब्द वाढत प्रकरण शस्त्रांपर्यंत गेले. भगवंतांनी कलहाचे कारण विचारले, तेव्हा ते सेनापतीलाही ठाऊक नव्हते. शेतावर राबणाऱ्या दास-कामकऱ्यांना मात्र ठाऊक होते. ही कथा आपण बहुधा अहिंसेच्या अंगाने वाचतो. टंचाईच्या वर्षी पाणी कसे वाटावे याचा कोणताही नियम तीत दिसत नाही, इकडे फारसे लक्ष जात नाही.

असा नियम खानदेशात होता. साक्री तालुक्यात उगम पावणाऱ्या पांझरेवर एकाखाली एक दगडी बंधारे आहेत. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरने त्यांची दखल घेतली आहे. त्यांवरील फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. बंधारे ठेंगणे असल्याने पूर वरून निघून जातो आणि अडलेले पाणी पाटाने शेतांत येते. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले असतात. एका फडात सर्वांचे पीक एकच, आणि ते दरवर्षी पालटायचे. उसामागून हंगामी पीक येत असल्याने काळी जमीन सहसा चिबडत नाही. पाणी देण्याचे काम शेतकऱ्याचे नव्हे, पाटकऱ्याचे, राखणीला जागल्या. पाणी अपुरे असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. अनेकांच्या पट्ट्या निरनिराळ्या फडांत असल्यामुळे तूट एकाच्याच माथी येत नसे.

अभ्यासक बंधाऱ्यांच्या दगडी बांधकामाचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. परंतु माझ्या मते खरे स्थापत्य या वाटणीत आहे. रोहिणीकाठी बांध होता, वाटणी नव्हती.

पुढे पांझरेवर लाटीपाडा, अक्कलपाडा ही धरणे झाली, काठच्या विहिरींवर विजेचे पंप बसले. ज्याची स्वतःची विहीर, त्याला फडाच्या पिकाचे बंधन जाचू लागले. काही बंधाऱ्यांवर फड अद्याप भिजतात. जेथे एकाच फडात कोणी ऊस लावतो आणि शेजारी गहू कापणीला येतो, तेथे पाटकऱ्याने दार उघडले तर गहू भिजतो आणि बंद ठेवले तर ऊस वाळतो.