फिरत्या पात्यांचे विमान आणि आपले कारागीर

बारामती-इंदापूरच्या उसाच्या मळ्यांवरून घिरट्या घालणारी प्रशिक्षणाची लहान विमाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. दिनांक २५ जुलै २०२२ रोजी त्यांपैकी एक विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात कोसळले. शिकाऊ वैमानिक कन्या सुदैवाने वाचली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमचा एक जुना विद्यार्थी, ज्याचे वेल्डिंगचे दुकान आहे, आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, याहून सोपे विमान आपल्या दुकानात होईल. सांगाड्याचे पाईप कापूनही झाले आहेत." ते यंत्र म्हणजे ऑटोजायरो. त्यास हो म्हणावे की नको म्हणावे, हे आम्हांस कळेना. म्हणून आम्ही त्या यंत्राचा इतिहास धुंडाळला. त्याचे सार ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

ऑटोजायरो हे हेलिकॉप्टरसारखे दिसते, परंतु त्याची जात निराळी. हेलिकॉप्टरची डोक्यावरील पाती एंजिन फिरविते. ऑटोजायरोत एंजिन केवळ पंख्याच्या साहाय्याने यंत्र पुढे लोटते, आणि वरची पाती जत्रेतील भिरभिऱ्याप्रमाणे वाऱ्यानेच फिरतात. एंजिन बंद पडले तरी यंत्र खाली उतरत असताना खालून येणारा वारा पाती फिरती ठेवितो.

याचा जनक स्पेन देशाचा हुआन दे ला सिएर्वा. १९१९ साली त्याने बांधलेले मोठे विमान वेग मंदावताच कोसळले, आणि वेग घटला तरी पडणार नाही असे यंत्र करण्याचा त्याने ध्यास घेतला. त्याची पहिली यंत्रे उडण्याऐवजी कलंडत. कारण उघड होते. वाऱ्यास सामोऱ्या जाणाऱ्या पात्यास उचल अधिक मिळे, मागे वळणाऱ्यास कमी. सिएर्वाने पात्यांच्या मुळाशी बिजागऱ्या बसविल्या, त्यामुळे पाती वरखाली हलून तोल आपोआप साधू लागली. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ त्याचे यंत्र यशस्वीपणे उडाले, आणि १९२८ साली त्याने इंग्लिश खाडी ओलांडली. दाराची बिजागरी आपल्या लोकांस काय नवी आहे? परंतु ती कोठे बसवावयाची, हे कळण्यास त्यास अनेक यंत्रे मोडावी लागली.

पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत इगोर बेन्सेन याने घरी बांधता येईल असा एकआसनी नमुना तयार करून त्याचे आराखडे विकले. हौशी माणसांनी तशी यंत्रे बांधली, आणि मग फेरफार सुरू झाले. कोणी एंजिन बदलले, तर कोणी पंखा उंचावर नेला. पंख्याचा रेटा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या फार वरून जाऊ लागला की, झोताने किंवा चुकीच्या हाताळणीने वरच्या पात्यांवरील भार क्षणभर कमी होताच यंत्र नाकावर पालथे होते, आणि मग ते सावरता येत नाही. अशा अपघातांत पुष्कळ प्राण गेले. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी हा दोष अभ्यासून रेट्याची रेषा व गुरुत्वमध्य जवळ ठेवण्याचे महत्त्व दाखवून दिले. शेपटीस आडवा पंख जोडल्यानेही स्थिरता वाढते. जो फेरफार एका कारागिरास किरकोळ वाटला, तोच दुसऱ्याच्या मरणास कारण झाला.

आपल्या महाराष्ट्रातही याची दोन उदाहरणे घडली आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथील एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणाने यूट्यूबवर पाहून, मारुती ८०० मोटारीचे एंजिन बसवून, एकआसनी हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी घेत असता शेपटीचे पाते तुटून मुख्य पात्यावर आदळले, आणि त्या आघातात तो गेला. त्याच्या हातात कसब नव्हते, असे कोण म्हणेल? उणीव होती ती यंत्र तपासणाऱ्या दुसऱ्या डोळ्यांची.

दुसरे उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. स्वतः वैमानिक असलेल्या या गृहस्थांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात घराच्या गच्चीवर विमान बांधले. १९९८ पासून त्यांचा हा उद्योग चालू होता. २०१६ साली ते विमान मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली, आणि २०१९ साली उड्डाणाची परवानगी मिळाली. एकवीस वर्षे! कागदांच्या या खेपा पाहून तरुणांस वीट यावा, हे आम्ही समजतो. दप्तरदिरंगाईचे समर्थन आम्ही करीत नाही. तथापि तपासणी व दिरंगाई या दोन गोष्टी एक नव्हेत.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थ्यास वाचून दाखविले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, सांगाडा मोडीत घालत नाही. पण जाणकाराने पाहिल्याखेरीज पाती चढविणार नाही." आम्हांस ते उत्तर पुरेसे वाटले. त्याचे पाईप अद्याप दुकानाच्या कोपऱ्यात उभे आहेत.

आपल्या समाजाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे. तिला हिशेबाची व परीक्षेची जोड देणे हे आपले कर्तव्य होय. असा एखादा मुलगा आपल्या आळीत असेल, तर त्यास हसू नये आणि नुसती पाठही थोपटू नये. त्यास जाणकाराकडे घेऊन जावे, इतकीच आमची विनंती आहे.