तळटीप १४ : कॅथरीन स्कॉर्सेसी

१४. कॅथरीन स्कॉर्सेसी (१९१२–१९९७) : दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या आई. आईवडील सिसिलीहून आलेले, जन्म न्यूयॉर्कचा. शिवणकाम करून संसाराला हातभार लावला. मूळ मजकुरात त्यांचा उल्लेख ‘दिग्दर्शकाची आई’ एवढाच आहे. तो फारच तोकडा वाटतो. मुलाने आईवडिलांवर केलेला ‘इटालियनअमेरिकन’ (१९७४) हा माहितीपट जरूर पाहावा. घरच्यांच्या जुन्या आठवणी सांगता सांगता बाईंचे सगळे लक्ष शेगडीवर रटरटणाऱ्या टोमॅटोच्या सॉसकडे आणि खिम्याच्या गोळ्यांकडे! अखेरच्या श्रेयनामावलीत त्याची कृतीही दिली आहे. ‘गुडफेलाज’मध्ये (१९९०) अपरात्री आलेल्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना आग्रहाने जेवू घालणारी आई त्यांनीच साकारली. घरच्या पाककृतींचे त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये निघाले. – संपा.