दोनशे पासष्टमधलं हरवलेलं शून्य

वाळव्यात किंवा कराडात ‘दोनशे पासष्ट’ म्हटलं की पुढं ‘ऊस’ म्हणावं लागत नाही. आकडा कशाचा, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. दोनशे पासष्टावा प्रयोग असेल, एवढ्यावर भागतं. कागदावरचं नाव आहे को.एम. ०२६५. त्यातले ०२ म्हणजे २००२ साल आणि ६५ हा त्या सालातला क्रमांक. बोलण्याच्या ओघात पुढचं शून्य गळालं, साल आणि क्रमांक एकमेकांत विरघळले. राहुरीच्या कृषी विद्यापीठानेही वाणाचं बारसं ‘फुले २६५’ असंच केलं.

‘को’ म्हणजे कोइमतूर. आपल्याकडे उसाला तुरा येतो, पण त्यात रुजणारं बी सहसा धरत नाही; कोइमतुरात धरतं. म्हणून संकर तिथल्या ऊस पैदास केंद्रात होतो आणि निवड आपापल्या राज्यात. ‘एम’ महाराष्ट्राचा, म्हणजे फलटण तालुक्यातल्या पाडेगावचा. तिथलं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचं. ‘को’नंतर ‘सी’ आला तर कडलूर: एके काळी साखरेच्या उताऱ्यासाठी कारखान्यांचा लाडका असलेला ६७१ तिथला.

संगणकाच्या दुनियेत उबुंटू २४.०४ असतं. ते चोविसावं नव्हे, २०२४ सालच्या एप्रिलचं. त्याला ‘नोबल नुम्बॅट’ असं एका प्राण्याचं नावही आहे, पण कामाच्या माणसाच्या तोंडी आकडाच. आपल्या ८६०३२ चंही तेच झालं. विद्यापीठाने नाव ठेवलं ‘नीरा’, किती गोड! पण बेणं मागताना कुणी नीरा म्हणत नाही. ८६ हे त्याचं साल. शेतकऱ्याच्या हाती तो यायला नव्वदीचं दशक उजाडलं. ०२६५ देखील प्रसारित झाला २००७ मध्ये. आकडा जन्माचा दाखला आहे, गुणपत्रिका नव्हे. तरी मोठा आकडा म्हणजे सुधारित माल, ही समजूत जात नाही, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना ती नेमकी ठाऊक असते. विंडोज ८ नंतर एकदम १० आलं ते काय उगाच?

‘व्हर्जन’ हा शब्द लॅटिनमधल्या वळणे या अर्थाच्या धातूवरून आला. संस्कृतचा ‘वृत्’ त्याचाच भाऊबंद. त्यातून ‘आवृत्ती’ झाली आणि ‘आवर्तन’ही. नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन सुटलं म्हणतो ना, तेच. पाणी सुटतं, एस्टी सुटते, इंग्रजीत सॉफ्टवेअरही ‘सुटतं’. वाण मात्र ‘प्रसारित’ होतो, आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरच्या कार्यक्रमासारखा. मला हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. सोडणं हे सोडणाऱ्याचं काम. पसरणं घेणाऱ्यांवर अवलंबून. ‘वाण’ स्वतः ‘वर्ण’पासून आलेला, ‘वण्ण’ या प्राकृत रूपातून. पवळ्याला ढवळ्याचा न लागलेला वाण तो हाच, म्हणजे रंग. पुढं रंगाचा प्रकार झाला.

सॉफ्टवेअरच्या चाचणीतल्या आवृत्त्यांना लावलेली अल्फा आणि बीटा ही ग्रीक अक्षरं, पण त्यांची नावं सेमिटिक भाषांतून आलेली: पहिलं बैलाचं, दुसरं घराचं. गंमत अशी की अल्फा आवृत्ती बहुधा बनवणाऱ्यांच्या घरातच फिरते, आणि घराचं नाव लावणारी बीटा बाहेरच्यांच्या हाती पडते. काही चुकलं तर बोल लावू नका, एवढाच तिचा अर्थ. जीमेलने ही पाटी २००४ पासून २००९ पर्यंत उतरवली नाही. तोवर कोट्यवधी लोक त्यावर कामं करत होते. उसात अशी पाटी लावून चालत नाही. लागण आणि खोडवा दोन्ही तपासायचे, ठिकठिकाणी चाचण्या घ्यायच्या, मगच शिफारस. एकदा लावलेला ऊस काही रात्रीत अपडेट होत नाही.

बेण्याच्या पाट्या आणखी वेगळ्या: मूलभूत, पायाभूत, प्रमाणित. सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या टप्प्यावर भरवसा वाढतो. इथं दर टप्प्याला मूळ शुद्ध बेण्यापासून एक पिढी लांब जातो आपण. ‘प्रमाणित’ ऐकायला सगळ्यात भारदस्त, पण उतरंडीत तिसरं.

आणि शेवटी या सगळ्यावर लोकांची पाटी चढते ती वेगळीच: ‘टनेजचा’ आणि ‘रिकव्हरीचा’, म्हणजे उताऱ्याचा. कृष्णाकाठच्या क्षारपड रानातही तग धरतो म्हणून २६५ टनेजचा ठरला. उताऱ्याचं कारण सांगून काही कारखाने त्याची नोंद घ्यायला कां कूं करत. आकड्यांचं म्हणाल तर, पाडेगावच्या नव्या वाणांत क्रमांकाला तीन घरं ठेवलेली दिसतात: १०००१, ११०८२, १५०१२. म्हणजे २०१० चा पहिला, २०११ चा ब्याऐंशीवा, २०१५ चा बारावा. आता शून्य गळायची सोय नाही. फक्त पहिला ‘दहा हजार एक’ असा म्हटला की लग्नातल्या आहेराचा आकडा वाटतो.