काठमांडूवरील चंद्र

सन २०२२ मध्यें न्यूयॉर्क येथील सेंट जॉन्स विद्यापीठाच्या कलादालनांत नेपाळी चित्रकार लैनसिंह बांगदेल यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. त्यास नांव देण्यांत आलें तें त्यांच्याच एका चित्राचें, ‘काठमांडूवरील चंद्र’. नेपाळांत अमूर्त चित्रकला आणणारा आद्य कलावंत म्हणून बांगदेलांचा लौकिक आहे. तेव्हां हा मनुष्य जुन्या परंपरेशीं फारकत घेणारा असला पाहिजे, अशी समजूत सहज होते. त्यांचें चरित्र मात्र निराळीच साक्ष देतें.

बांगदेल जन्मानें नेपाळबाहेरचे. १९१९ सालीं दार्जिलिंगच्या चहामळ्यांच्या मुलुखांत त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेंत त्यांनीं शिक्षण घेतलें, आणि पुढें तेथील एका जाहिरात-संस्थेंत ते सत्यजित राय यांचे सहकारी होते. स्वदेश सोडून परमुलुखांत राहणाऱ्या नेपाळी लोकांची कहाणी त्यांनीं ‘मुलुक बाहिर’ या कादंबरींत सांगितली. १९५२ सालीं ते युरोपास गेले. पॅरिस व लंडन येथें जवळजवळ नऊ वर्षें काढल्यावर, राजे महेंद्र यांच्या बोलावण्यावरून, १९६१ सालीं ते काठमांडूस आले. ज्या देशाचे म्हणून जन्मभर ओळखले गेले, त्या देशांत त्यांचें बिऱ्हाड झालें तें असें चाळिशीच्या सुमारास.

दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं तेथें आपल्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें. नेपाळी प्रेक्षकांच्या डोळ्यांस तोंपर्यंत मुख्यतः दोन प्रकारच्या चित्रांची सवय होती. एक नेवार चित्रकारांचीं ‘पौभा’ चित्रें. त्यांत देवतेचें प्रमाण, वर्ण आणि आयुधें परंपरेनें ठरलेलीं असत. दुसरीं, जंगबहादुर राणा १८५० सालीं युरोपांत जाऊन आल्यानंतर दरबारांत रुळलेलीं हुबेहूब व्यक्तिचित्रें. बांगदेलांच्या अमूर्त चित्रांत यांपैकीं कांहींच नव्हतें. वस्तूंच्या ठळक रेषा विरून रंगच बोलूं लागले होते. ही कला परक्याची कीं घरची, हा प्रश्न अशा वेळीं उभा राहणें साहजिकच होय.

त्याचें उत्तर बांगदेलांच्या पुढील आयुष्यानें दिलें. चित्रें काढीत असतांनाच ते नेपाळच्या प्राचीन दगडी मूर्तींच्या अभ्यासास लागले. काठमांडूच्या खोऱ्यांत अनेक देव कुलुपांत नसतात. पाणवठ्याच्या भिंतींत, चौकाच्या कडेस, लहानशा देवळींत ते उभे असतात, आणि येणारा-जाणारा त्यांस फूल-शेंदूर वाहून पुढें जातो. १९५१ सालीं राणांची सत्ता संपून देशाचीं दारें उघडलीं. त्यानंतरच्या काळांत परदेशीं या मूर्तींस मोल येऊं लागलें, आणि शेंकडों वर्षें जागचे न हललेले देव रातोरात नाहींसे होऊं लागले. ज्या मोहल्ल्याचा देव गेला, तेथील लोकांची नित्याची पूजा खंडित झाली. ही चोरी जगापुढें मांडण्यासाठीं बांगदेलांनीं १९८९ सालीं चोरीस गेलेल्या मूर्तींचा एक सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केला. मूर्ति मूळची कोठली, याचा पुरावा त्यामुळें कायम राहिला.

या परिश्रमाचें मोल पुढें दिसून आलें. पाटण शहराच्या पाटको टोलांतील लक्ष्मी-नारायणाची मूर्ति १९८४ सालीं चोरीस गेली होती. पुढें ती अमेरिकेंत डॅलस येथील संग्रहालयांत आढळली. चोरीपूर्वींच्या छायाचित्रांमुळें तिची ओळख पटली, आणि त्या पुराव्यांत बांगदेलांचाही ग्रंथ होता. २०२१ सालीं ती मूर्ति नेपाळास परत आली व आपल्या देवळांत पुन्हा विराजमान झाली. तो सोहळा पाहण्यास बांगदेल नव्हते. २००२ सालींच त्यांचें निधन झालें होतें.

न्यूयॉर्कचें प्रदर्शन भरलें तें याच्या पुढच्याच वर्षीं. ज्या देशांतून पाटणचा देव घरीं परतला, त्याच देशांत त्याच्या कैवाऱ्याचीं चित्रें मानानें मांडलीं गेलीं. ज्यानें नेपाळास नवें चित्र पाहण्यास शिकविलें, त्यानेंच तेथील जुन्या दगडांची राखणही केली, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्याच्या कलेस परकी म्हणण्याचें कारण उरत नाहीं.