मरोळचा उतार

भूगोलाच्या तासाला मुलांना एक प्रश्न विचारून पाहा : “तुम्ही स्वतः पाहिलेल्या एखाद्या नदीचे नाव सांगा.” मरोळच्या वर्गात आम्ही तो विचारला. कृष्णा आली, सावित्री आली, वाशिष्ठी आली. उत्तरेकडून आलेल्या घरांतल्या मुलांनी गोमती आणि घागरा सांगितल्या. मरोळच्या पूर्व कडेने वाहणारी मिठी कुणीच सांगितली नाही. आम्ही आठवण करून दिली तेव्हा एक मुलगी म्हणाली, “सर, तो तर नाला आहे.” डोंगराचेही तसेच झाले. डोंगर गावाला असतो, मरोळला असतात त्या इमारती!

मुलांना दोष देऊन उपयोग नव्हता. मरोळ नाक्यावर २०१४ पासून डोक्यावरून मेट्रो धावते आणि २०२४ पासून दुसरी पायाखालून. एकीला पुलाचे खांब सपाटी मिळवून देतात, दुसरीला बोगदा. रिक्षात बसले की चढ इंजिनाला लागतो, आपल्याला नाही. ज्या गावाचा चढउतार पायांना कळत नाही, त्या गावाचा डोंगर आणि नदी डोळ्यांना तरी कशी दिसावी?

म्हणून एका रविवारी पहाटे आम्ही काही शिक्षक आणि अकरावीचे विद्यार्थी बॅटरीवर चालणाऱ्या सायकली भाड्याने घेऊन निघालो. वाट दाखवायला होते या भागात लहानाचे मोठे झालेले एक निवृत्त भूगोल शिक्षक. निघताना त्यांनी एवढेच सांगितले, “रस्त्यांची नावं लक्षात ठेवू नका. कुठे चढलो, कुठे उतरलो, तेवढं वहीत लिहा.”

सायकल, आणि तीही बॅटरीची

सायकलीला वीज जोडण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ च्या ३१ डिसेंबरला घेतले होते. त्या काळच्या बॅटऱ्या जड होत्या. हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या आणि ही कल्पना रस्त्यावर दिसू लागली. आपल्याकडे मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा असेल, तर अशा वाहनाला नोंदणी लागत नाही.

आमच्या सायकली पायडल मारल्यावरच मदत करणाऱ्या होत्या. त्यांचा एक फायदा वर्गात सांगण्याजोगा आहे. माणूस आणि सायकल मिळून वजन ९० किलो धरू. रस्ता दर १०० मीटरला ५ मीटर चढतो आहे आणि वेग ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर आहे. दर सेकंदाला आपण ०.२१ मीटर उंची गाठतो. आता वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि ही उंची यांचा गुणाकार करू : ९० × ९.८ × ०.२१ म्हणजे सुमारे १८५. एवढे वॅट केवळ वर चढण्यासाठी लागतात. वारा आणि घर्षण यांचे वेगळेच. सवय नसलेला माणूस सलग ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. म्हणजे अशा चढावर साध्या सायकलीवरून उतरून ती ढकलावी लागणार. बॅटरी उरलेला वाटा उचलते. मात्र चढ सुरू झाला हे मांड्यांनाही कळते आणि हँडलवरच्या पडद्यावरही दिसते. म्हणजे ही सायकल उतार मोजणारे एक साधनच झाली.

डोंगराच्या बाजूने

पहिला थांबा होता कोंडिवट्याची, म्हणजेच महाकालीची लेणी. बुटक्या टेकडीच्या दोन अंगांना खोदलेली ही एकोणीस बौद्ध लेणी. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची आणि शेवटची सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. नवव्या लेण्यात आत एक गोल, झोपडीसारखी खोली आहे. तिच्या भिंतीला दगडी जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप. अशी रचना पश्चिम भारतात दुर्मीळ आहे. तिचे नाते बिहारमधील बराबर डोंगरातल्या मौर्यकालीन गुहांशी जोडले जाते.

मुलांचे लक्ष मात्र खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे गेले. जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे आकाश, हा कोकणचा हिशेब त्या भिक्षूंनी नीट मांडला होता. पुराच्या वर राहायचे आणि पावसाचे पाणी खाली जाण्याआधी थोडे अडवून घ्यायचे. जवळच्या कान्हेरीला तर उतारावरचे पाणी टाक्यांपर्यंत नेणाऱ्या पन्हळी खडकात कोरलेल्या आहेत. येथील खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून झालेला आहे. पण या टेकडीतला त्याचा प्रकार ठिसूळ असल्यामुळे कोरीवकाम बरेच झिजले आहे.

टेकडीवरून उतरलो आणि सीप्झच्या भिंतीशी आलो. या निर्यात औद्योगिक क्षेत्राची स्थापना १९७३ ची. भिंतीच्या आत एका चर्चचे अवशेष उभे आहेत, हे रोज तिथे कामाला जाणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसते. साष्टी बेट १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. त्यानंतर कोंडिवटे गावात जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये सेंट जॉनच्या नावाचे हे चर्च बांधले. एकोणिसाव्या शतकात गावात साथ आली आणि १८४० च्या सुमारास चर्च सोडून देण्यात आले. धर्मपीठ मरोळला हलले आणि चर्चसोबत वस्तीही सरकली. त्यामुळे मरोळच्या जुन्या ईस्ट इंडियन घरांच्या आठवणींची एक टोक आजही त्या भिंतीच्या आत अडकलेली आहे.

मरोळचे नाव मात्र याहून जुने आहे. महिकावतीच्या बखरीत बिंब राजांची हकिकत येते. त्यांपैकी प्रतापबिंबाने मरोळला आपली दुसरी राजधानी केली आणि तिला प्रतापपूर म्हटले, अशी परंपरा जुन्या ठाणे गॅझेटियरने नोंदवली आहे. ‘साष्टी’ हे नावसुद्धा ‘सहासष्ट गावे’ यावरून आले असे सांगतात. राजधानी असो वा खेडे, या गावांचा नियम एकच होता : घरे पाणी ठरत नाही अशा उंचवट्यावर आणि भातखाचरे खाली, जिथे पाणी ठरते तिथे. गावठाणाची जागा हाच त्या काळचा पुराचा नकाशा होता. तो कागदावर नव्हता, पण सर्वांना पाठ होता.

पाणी दोन वाटांनी जाते

मरोळ-मरोशी रस्त्याने उत्तरेकडे निघालो तसा पडद्यावरचा आकडा वाढू लागला. १९४९ मध्ये दूध वसाहतीसाठी राखलेल्या आरेच्या रानात शिरलो आणि पवईच्या दिशेने वळलो. काही अंतर चढ, मग काही न करता सायकल पळू लागली. आमच्या वाटाड्यांनी सगळ्यांना थांबवले. “आत्ता जी जागा ओलांडली, तिच्या त्या अंगाला पडलेला पाऊस ओशिवरा नदीतून मालाडच्या खाडीला जातो. या अंगाचा मिठीतून माहीमला. पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. तुमच्या बॅटरीने तो दाखवला.” वर्षभर पाठ केलेली व्याख्या त्या एका मिनिटात मुलांना पटली.

उतार संपतो तिथे फिल्टरपाड्याचा पूल आहे. वरच्या बाजूला विहार तलाव. तो भरला की जादा पाणी या पुलाखालून वाहते, पुढे पवई तलावाचे जादा पाणी त्याला मिळते आणि मिठी नदी तयार होते. विहार तलाव निसर्गाने दिलेला नाही. १८५० च्या दशकात मुंबई बेटावर विहिरी आणि तळी पुरेनाशी झाली होती. हेन्री कोनीबेअर या अभियंत्याच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये या दरीत बांध घालण्यास सुरुवात झाली आणि १८६० मध्ये काम पुरे झाले. नळाने शहराला मिळालेले हे पहिले पाणी, दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर. ते डोंगरातून शहरापर्यंत उताराने आपले आपण गेले. ज्या उताराने आमच्या सायकली फुकट पळत होत्या, त्याच उतारावर मुंबईचा पहिला नळ चालला. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवईचा तलाव झाला.

म्हणजे डोंगराचे देणे शहराने हिशेबात धरले, त्याचा उपयोगही करून घेतला. पण नदी म्हणजे तलावाच्या खाली उरलेली जागा, अशी समजूत झाली. विसाव्या शतकात तीत भराव पडले. काठांवर कारखाने, भंगाराची गोदामे आणि ज्यांना दुसरीकडे जागा मिळाली नाही त्यांच्या झोपड्या आल्या. विमानतळ वाढताना नदीला जवळजवळ काटकोनात वळणे देण्यात आली. मुखाजवळच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. माहीमला तर तिच्या तोंडावर १८४५ पासूनच रस्त्याचा बांध आहे.

२६ जुलै

पवईहून मरोळमार्गे साकीनाक्याकडे उतरताना बॅटरी जवळजवळ लागलीच नाही. ब्रेकच अधिक लागले. नदीजवळ थांबलो तेव्हा वाटाड्यांनी मुलांना एक गणित घातले. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची सांताक्रूझ वेधशाळेची २४ तासांची नोंद ९४४ मिलिमीटर आहे. त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर पाऊस झाला. एक चौरस किलोमीटर जमिनीवर ९४४ मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

मुलांनी वहीत मांडले : दहा लाख चौरस मीटर गुणिले ०.९४४ मीटर, म्हणजे ९ लाख ४४ हजार घनमीटर, म्हणजे ९४ कोटी ४० लाख लिटर. एकाने लगेच त्याला ३ कोटी २० लाखांनी भागले. उत्तर आले साडेएकोणतीस. विहारचा नळ १८६० मध्ये सगळ्या शहराला महिनाभर जेवढे पाणी देई, तेवढे त्या दिवशी एकेका चौरस किलोमीटरवर पडले. आणि मिठीकडे उतरणारी जमीन एक चौरस किलोमीटरची नाही, कित्येक पटींनी मोठी आहे. त्यात समुद्राला भरती. पाण्याने आपली जुनी वाट धरली. त्या वाटेवर आता घरे, रस्ते आणि धावपट्टी होती. मुंबईत शेकडो माणसे गेली.

नंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, मिठीसाठी वेगळे प्राधिकरण झाले, पात्र रुंद आणि खोल करण्याची कामे झाली. हे सारे आवश्यकच होते. पण त्या दिवशी पुलावर उभ्या असलेल्या मुलांना प्रश्न पडला तो वेगळा : “एवढं पाणी इथेच येणार, हे आधी कुणाला माहीत नव्हतं का?”

माहीत होते. टाकी खोदणाऱ्या भिक्षूंना ते माहीत होते. घर वर आणि शेत खाली ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना माहीत होते. बांधाची उंची ठरवणाऱ्या अभियंत्यांनाही माहीत होते. ती माहिती कुठे हरवली नव्हती. ती जमिनीच्या उतारातच होती. पायी आणि सायकलीने फिरणे थांबले तसा तो उतार वाचणारे कमी झाले. आणि ज्याला आपण नाला म्हणतो, त्याच्या पात्रात भराव टाकताना कुणाचा हात अडखळत नाही. नावाचा परिणाम असाही होतो.

वर्गासाठी

यासाठी बॅटरीची सायकलच हवी असे नाही. शाळेभोवतीच्या दोन किलोमीटरमध्ये पायी किंवा साध्या सायकलीने फिरूनही हे करता येईल. प्रत्येक गटाने कागदावर रस्ते काढावेत आणि चढ असेल तिथे एका रंगाचा, उतार असेल तिथे दुसऱ्या रंगाचा बाण करावा. शंका आली तर बाटलीभर पाणी रस्त्याच्या कडेला ओतून पाहावे. जुनी देवळे, क्रूस, विहिरी, गावठाणातली घरे त्याच कागदावर दाखवावीत. बाण कुठे एकत्र येतात आणि जुन्या वास्तू त्यांपासून किती दूर आहेत, हे मुलांना आपोआप दिसेल. २००५ मध्ये पाणी कुठवर आले होते, ते घरातल्या मोठ्यांना विचारून तिसऱ्या रंगाने रेषा काढावी. रेषा आणि बाण जुळतात का, यावर एक तास चर्चा होऊ शकते. रहदारीच्या रस्त्यावर जाताना सोबत पुरेसे शिक्षक असावेत आणि पावसात नदीच्या काठाशी कुणी जाऊ नये, हे सांगायला नकोच.

आमच्या वर्गाचा कागद भिंतीवर लावला आहे. ‘नाला’ म्हणणाऱ्या मुलीनेच त्यावर नावे घातली. तिने मिठीपुढे ‘नदी’ लिहिले आणि आमच्याकडे वळून विचारले, “सर, आपल्या शाळेच्या मैदानातला बाण कुठे जातो? तो काढायचा राहिलाय.”

तो बाण आम्हालाही माहीत नव्हता. पुढच्या पावसात पाहायचे ठरले आहे.