दिसण्यासाठीचा दिवा

२०१७ च्या एप्रिलनंतर ज्यांनी नवी दुचाकी घेतली, त्यांना हा अनुभव नक्की आला असणार. भर दुपारी समोरून येणारा कुणीतरी हात वर करून पंजाची उघडझाप करतो. म्हणजे, बाबा रे, तुझा दिवा चालू राहिलाय. पुण्या-मुंबईत नुसती खूण करून माणूस पुढे जातो. आमच्या मालवणात भरड नाक्यावर थांबवून सांगतात, "झिला, लाइट चालू आसा तुझी. बॅटरी संपतली!" मग आपण म्हणायचं, काका, हल्ली बटणच नसतं, तो बंदच होत नाही. त्यावर काका गाडीकडे अशा नजरेने बघतात की कंपनीने आपल्याला धडधडीत फसवलंय याबद्दल त्यांच्या मनात शंकाच उरत नाही.

काकांचं तर्कशास्त्र साधं आहे. दिवा कशाला? दिसावं म्हणून. दिवसा दिसतंच, मग दिवा कशाला? जगभर गाड्या बनवणारी मंडळी आणि कायदे करणारी मंडळी कित्येक वर्षं याच तर्काने चालली. दुचाकीच्या दिव्याला दुसरं एक काम आहे, आपण दुसऱ्याला दिसावं हे, ही गोष्ट रस्त्यावर फार उशिरा सुचली. गंमत म्हणजे समुद्रावर ती केव्हाचीच ठाऊक होती.

मालवण बंदराच्या तोंडाशी खडक फार. मुंबई-गोवा आगबोट चालू होती तेव्हा ती बाहेरच उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या होडीतून ये-जा करायच्या. रात्री होडीत कंदील ठेवला तर त्याच्या उजेडात खडक दिसतो का? काही दिसत नाही. उलट डोळे दिपतात. तो कंदील होडीतल्यांसाठी नसतोच, तो दुसऱ्या बोटीवरच्या माणसासाठी असतो. मोठ्या जहाजांना डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. समोरचं जहाज आहे इतकंच त्यातून कळत नाही, ते कुठल्या दिशेला तोंड करून आहे तेही कळतं. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम तर वल्ह्याच्या लहानशा होडीलाही सोडत नाहीत. टॉर्च किंवा पेटता कंदील हाताशी तयार ठेवा आणि टक्कर टळेल इतक्या वेळेत दाखवा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

जमिनीवर आलं की आमचाच माणूस हे विसरतो. जमिनीवरचा आमचा जुना दिवा म्हणजे चूड. नारळाची सुकी झावळं घट्ट बांधायची, पेटवायची आणि हलवत हलवत चालायचं. दशावतार बघून पहाटे घरी येताना पाय कुठे पडतो ते दिसावं आणि जनावर बाजूला व्हावं, एवढीच अपेक्षा. पुढे कंदील आला, बॅटरी आली (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात), मग सायकलीच्या टायरला घासून फिरणारा डायनॅमो आला. तो लावला की पाय दुखायचे, म्हणून जो तो पोलीस दिसेपर्यंत तो लावायचा टाळायचा. बिनदिव्याची सायकल हा दंडाचा विषय होता आणि त्या दंडाकडे सगळे एक सरकारी कटकट म्हणूनच बघायचे.

दिवा दुसऱ्यासाठी असतो हे रस्त्यावर सगळ्यात कठोरपणे शिकवलं ते ब्लॅकआउटने. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये विमानहल्ल्यांच्या भीतीने रस्त्यांवरचे दिवे बंद झाले, गाड्यांचे दिवे झाकले गेले, आणि त्या एका महिन्यात रस्त्यावरचे मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या जवळपास दुप्पट झाले. बॉम्ब पडायला अजून बराच अवकाश होता. मग लोकांनी फुटपाथच्या कडा, झाडांचे बुंधे, गाड्यांचे मडगार्ड पांढऱ्या रंगाने रंगवले. त्या पांढऱ्या पट्ट्यांनी चालवणाऱ्याला काही जास्त उजेड मिळाला नाही. वस्तू तेवढ्या दिसू लागल्या. आपल्याकडे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईकरांनी काळे कागद लावलेल्या खिडक्या आणि काळे फासलेले हेडलाइट पाहिले. आमच्या घरातल्या मोठ्यांकडे त्याच्या गोष्टी आहेतच, कमेंटमध्ये त्यांनी भर घालावी.

शांततेच्या काळातही आपल्याला काळजी होती ती दिवा जास्त होण्याची. हेडलाइटच्या वरच्या भागावर काळा टिळा किंवा पट्टा लावलेल्या गाड्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून तो. दिवा कमी पडून कुणी मरेल याची चिंता कुठे दिसत नव्हती. दुचाक्यांचं तर विचारूच नका. राजदूत, येझदी वगैरेंची वीज बराच काळ सहा व्होल्टची. कित्येक गाड्यांचा पुढचा दिवा बॅटरीवर नव्हे, थेट इंजिनाच्या फिरण्यावर जळायचा. ॲक्सिलरेटर दिला की उजेड वाढायचा, सोडला की पिवळा पडत पडत निखाऱ्यासारखा व्हायचा. म्हणजे बघा, तुम्ही नाक्यावर वेग कमी करता, चारी बाजूंनी गाड्या येत असतात, तुम्ही दिसण्याची सर्वात जास्त गरज तिथेच असते, आणि नेमका तिथेच दिवा मान टाकतो. याला कुणी दोष म्हणत नव्हतं. रस्ता दिसतोय ना, मग झालं.

(बुलेटवाले आता म्हणतील, आमच्या गाडीला हेडलाइटच्या वर दोन छोटे पायलट दिवे होते. मान्य. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटचे ते डोळे अजूनही ओळखीची खूण आहेत. पण लोकांनी ते प्रेमाने पुसले आणि शोभेपुरते लावले.)

आता जरा गंभीर गोष्ट. आमच्या नात्यातल्या एका मुलाला (घरच्यांना कळेल कोण, नाव नको) कुडाळजवळ भर दुपारी एका मोटारीने उडवलं. समोरून येणारी गाडी, तिला उजवीकडच्या फाट्याला वळायचं होतं, ती वळली ती थेट याच्या वाटेत. ऊन होतं, रस्ता सरळ होता. चार महिने पाय प्लास्टरमध्ये. गाडीवाला पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होता, "दिसलोच नाय हो." आमच्या घरात सगळ्यांचं मत पडलं की तो खोटं बोलतोय. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी गाडी, न दिसायला काय झालं?

मला आता वाटतं की तो खरं बोलत होता. त्याने तो सुटत नाही, पण खरं बोलत होता. १९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाचा अहवाल प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन त्यांच्या गटाने तपासणी केली होती. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनाने मोटरसायकलचा वाटेचा हक्क मोडला होता, आणि नेहमीचं चित्र हेच, समोरून येणारी मोटार मध्येच वळलेली. (त्यांच्याकडे ती डावीकडे वळते, आपल्याकडे उजवीकडे.) आणि नेहमीचं स्पष्टीकरणही हेच, दिसलाच नाही किंवा दिसला तेव्हा उशीर झाला होता. समोरून बघितलं तर मोटरसायकल म्हणजे एक उभी रेघ. मोटारीच्या काचेच्या बाजूचा खांबही तिला अख्खी झाकू शकतो. शिवाय डोळा बघतो, पण मन मोटार किंवा ट्रक शोधत असतं. रेघ त्याच्या हिशेबात नसते.

यावर उपाय निघाला तो दिवसा दिवा लावायचा. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काही राज्यांनी मोटरसायकलींना तो सक्तीचा करायला सुरुवात केली होती. स्वीडनने १९७७ मध्ये सगळ्याच वाहनांना लावला. आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर असायचं, तिकडे सूर्य कुठे असतो, इथे ऊन आहे. पण मलेशियात कुठे ऊन कमी आहे? रस्त्यावर आपल्यासारख्याच लहान मोटरसायकलींची गर्दी असलेल्या त्या देशाने १९९२ मध्ये दिवसा हेडलाइट सक्तीचा केला आणि नंतरच्या अभ्यासात, न दिसल्यामुळे होणारे मोटरसायकल अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचं निघालं. युरोपात २००३ पासून नव्या मोटरसायकली आपोआप लागणाऱ्या दिव्यासह येऊ लागल्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन समितीने हा विषय लावून धरला आणि १ एप्रिल २०१७ पासून बनणाऱ्या दुचाक्यांचं दिव्याचं बटण गेलं. मलेशियानंतर पंचवीस वर्षांनी.

बॅटरी संपेल आणि पेट्रोल जास्त जाईल, ही भीती तेव्हा खूप बोलली गेली. साधा हिशेब करू. बल्ब ३५ वॅटचा. शंभर सीसीच्या गाडीचं इंजिन आठेक अश्वशक्तीचं, म्हणजे जवळपास सहा हजार वॅट. शिवाय दिवा जळतो तो इंजिन चालू असताना, तेव्हा वीज बनतच असते. काटकसर हा आमच्या कोकणी माणसाचा धर्म आहे, पण इथे ती जीवावर बेतणारी काटकसर होती. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस.

सिंधुदुर्गात तर दिवसाच्या दिव्याची गरज शहराहून कमी नाही, असं माझं ठाम मत आहे. कसालहून मालवणला येणारा रस्ता आठवा. आंबा-काजूची सावली, मध्येच उन्हाचा लख्ख तुकडा, पुन्हा सावली. काळी गाडी आणि गडद शर्ट सावलीच्या तुकड्यात शिरला की नाहीसाच होतो. संध्याकाळी मालवणकडे येणाऱ्याच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन असतं आणि मालवणातून निघालेला त्या उन्हाच्या पोटातून येतो. जुलैत काळं आभाळ, काळा डांबरी रस्ता आणि काळा रेनकोट! रेनकोट काळाच का विकतात हे मला अजून न सुटलेलं कोडं आहे.

शहरात अडचण वेगळी. मुंबईत रात्री अंधार नसतोच, उजेडाची गर्दी असते. दुकानांच्या पाट्या, सिग्नल, मोटारींचे दिवे, त्यात दुचाकीचा एकुलता दिवा विरघळून जातो. आता मोटारीही दिवसा दिवे लावून येतात, त्यामुळे दुचाकीचं वेगळेपण तिथेही कमी झालं. आणखी एक आहे. एकच दिवा किती लांब आहे आणि किती वेगाने येतोय, हे डोळ्याला नीट कळत नाही. दोन दिवे असले की त्यांच्यातलं अंतर वाढताना दिसतं, त्यावरून अंदाज येतो. लंडनच्या रॉयल हॉलोवेमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये तीन दिव्यांची त्रिकोणी मांडणी तपासून पाहिली, तेव्हा अंधारात वेगाचा अंदाज सुधारला. जहाजवाल्यांच्या लाल-हिरव्या-पांढऱ्या दिव्यांची आठवण होते ना?

आमच्या तरुण मंडळींनी यावर आपापला तोडगा काढलाय, बाजारातून डोळे फोडणारे पांढरे एलईडी आणून हँडलला बांधायचे आणि कायम अप्पर मारत सुटायचं. त्याने आपण दिसतो हे खरं, पण समोरच्याला मग दुसरं काहीच दिसत नाही, कडेने चालणारी आजीसुद्धा नाही. त्यापेक्षा स्वस्त उपाय आहेत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसा दिवा लावणाऱ्यांचा अपघाताचा धोका २७ टक्क्यांनी कमी निघाला, चमकणारे किंवा भडक सुरक्षा-कपडे घालणाऱ्यांचा ३७ टक्क्यांनी आणि काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांचा २४ टक्क्यांनी. गाडीच्या रंगाचा मात्र काही संबंध सापडला नाही. (लाल गाडी हवी म्हणून घरी भांडणाऱ्यांनी नोंद घ्यावी :) )

आणि हा कायदा सगळा पुढच्या दिव्याचा. मागचं काय? पहाटे दांडीवर मासळी घेऊन गावोगाव निघणाऱ्या मोटरसायकली बघा. मागे दोन-तीन प्लास्टिकचे क्रेट, दोरीने आवळलेले, वर बर्फाचं पाणी गळतंय, आणि त्या क्रेटांमागे टेललाइट पूर्ण झाकलेला. मागून येणाऱ्या डंपरला काही म्हणजे काही दिसत नाही. गेल्या मे महिन्यात मुंबईहून जाताना लाल चमकत्या टेपची एक गुंडाळी घेऊन गेलो. तिघांनी आपापल्या क्रेटांना मागच्या बाजूने लावून घेतली. चौथा म्हणाला, "क्रेट रोज बदलतत, तुझी टेप फुकट जातली." उरलेली टेप मग त्याच्या रेनकोटाच्या पाठीवर लावली. रेनकोट काळाच होता.