जुन्या एअर रायफलचे मूल्यमापन

जुन्या एअर रायफलचे मूल्यमापन म्हणजे संग्राह्य हवाई बंदुकीची निर्मिती, मूळपणा आणि स्थिती तपासून तिचे बाजारमूल्य ठरविण्याची प्रक्रिया होय. केवळ वय हा निकष अपुरा ठरतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या अनेक ब्रिटिश रायफली मोठ्या संख्येने बनल्या होत्या. त्यांतील झिजलेल्या नगापेक्षा नंतरच्या काळातील, मूळ खोक्यासह टिकलेल्या नगाला जास्त मागणी असू शकते.

== ओळख ==

मूल्यमापनाचा आरंभ रायफलीची ओळख पटविण्यापासून होतो. बर्मिंगहॅम येथील बंदूक-कारागीर लिंकन जेफ्रीज यांच्या पेटंटावर आधारित रायफली बीएसए कंपनीने १९०५ पासून बनविल्या. या मालिकेतील लांबी, व्यास आणि नमुन्यांचे भेद बारीक आहेत. त्यामुळे अनुक्रमांक, त्याआधीची अक्षरे आणि धातूवरील ठसे एकत्र वाचावे लागतात. जॉन निब्ब्स यांनी बीएसए अनुक्रमांकांचा केलेला अभ्यास संग्राहकांमध्ये यासाठी वापरला जातो.

नावावर विसंबणे मात्र धोक्याचे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील 'डायना' या नावाचा वापर आणि यंत्रसामग्री स्कॉटलंडमधील मिलब्रो कंपनीकडे गेली, तर मूळ जर्मन उत्पादकाने बराच काळ 'ओरिजिनल' हे नाव वापरले. परिणामी 'डायना' असा ठसा असलेली बंदूक जर्मन असेलच असे नाही.

== मूळ स्थिती ==

सर्वाधिक मोल मूळ पृष्ठभागाला असते. पोलादावरील काळसर-निळा थर, म्हणजे ब्ल्यूइंग, किती शिल्लक आहे याचा अंदाज टक्क्यांत घेण्याची पद्धत २००१ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'ब्लू बुक ऑफ एअरगन्स' या मूल्यसूचीतही आहे. थर नंतर दिलेला असल्यास त्याच्या खुणा राहतात: धारदार कडा गोलावतात, अक्षरे पुसट होतात, स्क्रूच्या छिद्रांभोवती खळगे पडतात आणि गंजाच्या खड्ड्यांतही एकसारखा रंग दिसतो. दस्ता घासला असेल तर लाकूड शेजारच्या धातूपेक्षा खाली गेलेले जाणवते. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असणे हे अननुभवी हातांनी बंदूक उघडल्याचे लक्षण होय.

सुट्या भागांमुळे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९३२ मध्ये आलेल्या वेब्ली सर्व्हिस मार्क २ या रायफलीची नळी बदलता येत असे आणि तिच्यासाठी ०.१७७, ०.२२ व ०.२५ इंच व्यासाच्या नळ्या मिळत. तिन्ही नळ्या व पेटीसह संपूर्ण संच एकट्या रायफलीपेक्षा कितीतरी मौल्यवान ठरतो. पण हा संच नंतर जमवलेला आहे का, हे तपासणे अगत्याचे असते.

== दुरुस्ती आणि साफसफाई ==

मूल्य नष्ट करण्यात गंजापेक्षाही उत्साही साफसफाईचा वाटा मोठा असतो. वारसाहक्काने आलेली रायफल विकण्यापूर्वी सॅंडपेपरने चकचकीत करणाऱ्या मालकाने पुरावाच पुसून टाकलेला असतो आणि तो परत आणता येत नाही. याउलट, दट्ट्याचा चामडी वॉशर अथवा तुटकी स्प्रिंग बदलणे सामान्यतः गैर मानले जात नाही, कारण हे भाग झिजण्यासाठीच असतात. काढलेले मूळ भाग बंदुकीसोबत जपून ठेवणे इष्ट. नळीत छर्रा नसताना स्प्रिंग बंदूक झाडून 'चालते का' हे पाहणेही टाळावे. त्याने दट्ट्या व स्प्रिंगला धक्का बसतो.

== किंमत ==

दुर्मीळता आणि मागणी या वेगळ्या गोष्टी आहेत. अल्पसंख्य, परंतु कोणालाच नको असलेला नमुना स्वस्त राहतो. विक्रेत्याने मागितलेली रक्कम हे मूल्य नव्हे. लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या रकमा तुलनेसाठी अधिक विश्वसनीय असतात. प्रसिद्ध मालकाची किंवा मोहिमेची कथा कागदपत्रांविना जोडलेली असेल, तर अनुभवी खरेदीदार तिचे वेगळे पैसे देत नाहीत.

कायद्याचाही किमतीवर परिणाम होतो. ब्रिटनमध्ये १२ फूट-पौंडांहून अधिक ऊर्जेच्या एअर रायफलला अग्निशस्त्र प्रमाणपत्र लागते, आणि स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून त्याहून कमी शक्तीच्या बहुतेक एअर रायफलींनाही परवाना आवश्यक आहे. जुन्या बंदुकीत जास्त ताकदीची स्प्रिंग बसविल्यास मूळपणा तर जातोच, शिवाय ती या मर्यादेपलीकडेही जाऊ शकते.